फोनवरची अटक

बेकरीत रोज पोतंभर पीठ मळणारी बहीण दादाच्या दाराशी आली ती धास्तावूनच. कालपासून तो फोन उचलत नव्हता. जन्मभर बस चालवलेला आडदांड गडी, वहिनी गेल्यापासून एकटाच राहायचा. पण बहिणीशी बोलल्याशिवाय त्याचा दिवस मावळत नसे.

"दादा, दार उघड!"

"चालती हो! तूही त्यांनाच सामील आहेस."

ती मागच्या बाजूला धावली आणि कडी उखडेपर्यंत स्वयंपाकघराच्या दाराला धडका देत राहिली.

आत पडदे ओढलेले. दादा खुर्चीत ताठ बसलेला, डोळे लालबुंद. समोर डब्याला टेकवलेला फोन आणि फोनमध्ये पोलिसाच्या गणवेशातला एक माणूस. 'तुमच्या नावानं चोरीचा माल सापडलाय, तुम्हाला आहात तिथेच अटक आहे, कॅमेऱ्यासमोरून हललात तर थेट तुरुंग,' असं सांगून त्यानं दादाला रात्रभर जागं बसवलं होतं.

"हीच ती!" फोनमधला माणूस ओरडला. "टोळीनं पाठवलीय. अडवा तिला!"

दादानं खुर्चीशेजारी ठेवलेला चाकं खोलायचा पाना उचलला. ती "अरे, मी आहे" म्हणेपर्यंत पाना तिच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. ती कळवळून खाली बसली, तशी त्यानं केसांना धरून तिला भिंतीवर आपटलं. ओठ फुटला.

"शाब्बास! आणखी हाणा!" फोनमधून आवाज आला.

"दादा, पोलीस असं बोलतात का रे?" ती रक्त थुंकत म्हणाली. "तो फोन बंद कर. आपणच ठाण्यात जाऊन विचारू."

"बंद केला तर तुलाही उचलून नेतील, चिमणे!" तो रडत होता आणि रडता रडताच तिचा गळा आवळत होता.

डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा तिनं त्याच्या पोटात गुडघा घातला. तो कोलमडला. खाली पडलेला पाना उचलून तिनं धड हातानं फोनवर घाव घातले, काचेचा पार चुरा होईपर्यंत.

दादा हात जोडून दाराकडे बघत बसला. आता येतील, मग येतील. कुणीही आलं नाही.

मोडलेला हात ओढणीत बांधून तिनंच त्याला ठाण्यात नेलं. हवालदारबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"आजोबा, फोनवर अटक होत नसते. अटक करायची तर आम्हाला उठून यावं लागतं. असा फोन आला की कापायचा आणि घरच्यांना सांगायचं. ते लोक नेमकं तेवढंच करू देत नाहीत."

दादानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "मग आता करा अटक. हिचा हात मी मोडलाय."

बाईंनी बहिणीकडे पाहिलं.

"आधी त्या फोनवाल्याची तक्रार लिहा," ती सुजल्या ओठांनी म्हणाली. "ह्याचं काय करायचं, ते मला अजून सुचत नाहीये."

दादानं पाण्याचा ग्लास तिच्यापुढे धरला. ती नकळत मागे सरकली, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं.