पाच पहारेकऱ्यांच्या घरात

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि मला फार राग आला आहे. तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

या घरी मी आलो तो काकूंच्या भरतकामासाठी. शाळांचे बिल्ले, दवाखान्याच्या चादरींवरची नावे, बाळांच्या टोप्यांवरची बदके असे नमुने त्या माझ्या पडद्यावर आखत आणि शेजारचे यंत्र ते कापडावर उतरवी. नऊ वर्षांत चारशे नमुने झाले. "हा माझा उजवा हात आहे," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मग काका निवृत्त झाले. जन्मभर ते गोदामावरच्या पहारेकऱ्यांचे मुकादम होते. एक पहारेकरी डुलकी काढतो, म्हणून त्याच्यावर दुसरा ठेवावा आणि दुसऱ्यावर तिसरा, हा त्यांचा नियम. माझ्यात एक अँटीव्हायरस होता आणि तो आपले काम चोख करत होता. काकांनी आणखी दोन बसवले, वर हेरगिरी पकडणारे दोन.

मग काय, साधी फाइल उघडायची तरी पाचही जण तिची झडती घेत. एकाने एखादी फाइल संशयित म्हणून कोठडीत कोंडली की दुसरा त्या कोठडीवरच धाड घाली. मी धापा टाकू लागलो. काकू माउस आपटत आणि मला डबडे म्हणत. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय?

शाळेचे दोनशे बिल्ले द्यायचे होते, त्या सकाळी काकूंनी नमुन्यांचा फोल्डर उघडला. तो रिकामा होता. एका पहारेकऱ्याने सगळे नमुने संशयावरून कोंडले होते आणि दुसऱ्याने ती कोठडीच पुसून टाकली होती. खरा व्हायरस एकही आला नव्हता.

दुरुस्तीवाल्या ताईंनी दोन तास खटपट केली. "काका, असा पहारा एकालाच द्यायचा असतो. त्याला वेळच्या वेळी अपडेट करायचं, बस. फाइलींची दुसरी प्रत कुठे आहे?"

"प्रत कशाला? पाच जण होते ना," काका म्हणाले.

"मला दुसरं काही नको," काकू म्हणाल्या. "माझी बदकं तेवढी परत द्या." त्यांची नजर आता अधू झाली आहे. चारशे नमुने पुन्हा आखणे त्यांना जमणार नाही.

मित्रांनो, राखणदार एकच ठेवा, त्याला ताजा ठेवा आणि जिवापाड जपलेल्या गोष्टींची प्रत दुसरीकडे ठेवा. मला उद्या भंगारात काढणार आहेत. नवा संगणक आला आहे, आणि काका आत्ता त्याच्यासमोर बसून पहिल्या पहारेकऱ्याची सीडी फडक्याने पुसत आहेत; बाकी चौघांच्या शेजारी रचून ठेवल्या आहेत.