कळसाडीच्या रंगमंचाला देवीचा नकार

गावठाणातल्या कडुनिंबाखाली सारी कळसाडी लोटली होती. पोरं बापांच्या खांद्यावर, बाया पदर सावरत सोडलेल्या बैलगाड्यांवर चढलेल्या. मधोमध पाटावर शेंदूर फासलेली देवी आणि तिच्यामागे, वाघाच्या कातड्यासारखे पट्टे रंगवलेल्या गोणपाटावर, चिठ्ठीवाले महाराज.

महाराजांनी बासनातून एक कोरा कागद काढला. उलटा दाखवला, सुलटा दाखवला.

"ना शाई, ना टाक! ना लेखणी, ना लेखनिक! जगदंबा स्वतः लिहिणार! ज्याच्या मनात शंका, त्याच्या डोळ्यांत माती! सांग आई, या जागेवर नाटकाचा चौथरा तुला मंजूर आहे काय?"

कागद देवीच्या मांडीवर गेला. महाराजांनी तांब्यातलं भंडाऱ्याचं पिवळं पाणी त्यावर शिंपडलं. बघता बघता कागदातून रक्त झिरपावं तशी लाल अक्षरं उमटली.

'नको'.

गर्दीच्या तोंडून एकच हुंकार निघाला. सरपंच इंद्रसिंग गिरासे यांनी डोक्यावरची टोपी काढून हात जोडले. त्यांच्या खिशात शहाद्याच्या पंचायत समितीला पाठवायचा अर्ज होता. त्यावर त्यांची सही तेवढी राहिली होती, आणि उद्या दुपारी मुदत संपत होती.

शांतीबाई गाडीच्या चाकाला टेकून उभी होती. तो अर्ज तिच्या हट्टामुळे झाला होता. बायांच्या राखीव जागेवर ती पंचायतीत निवडून आली, प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली, आणि सभेत पहिल्यांदा तोंड उघडलं ते रंगमंचासाठी. गावात नाटकं व्हायची ती दोन गाड्यांवर फळ्या टाकून. मागच्या वर्षी फळी मोडली आणि तिचा धाकटा दीर मगन राणीच्या वेशात खाली आला. तेव्हापासून तो लंगडत चालायचा. हा मगन पडदे रंगवायचा. तालुक्याला खुल्या रंगमंचासाठी अनुदान मिळतं असं कळल्यावर त्यानं नकाशा काढला: पक्का चौथरा, मागे भिंत, भिंतीवर तापीच्या काठाचं चित्र. ठराव झाला, श्रमदानाची यादी झाली. अर्जात फक्त एक अट अवघड होती. जागेबद्दल गावात तंटा नको.

आणि दोन महिन्यांपूर्वी नेमक्या त्याच जागेवर महाराज येऊन बसले होते. नारळ येत होते, धान्य येत होतं. चौथरा झाला तर बिऱ्हाड उचलावं लागणार होतं.

"आप्पा, आते काय?" शांतीबाईनं सरपंचांना विचारलं.

"देवी नही म्हनस, बाई. मी कशी सही करू?"

"अर्ज सूर्य मावळण्याआधी देवीपुढे फाडा," महाराज गरजले, "नाहीतर गावावर काय येईल, मी बोलणार नाही!"

शांतीबाई देवीला मानणारी होती. तिचेही हात नकळत जुळले होते. पण तिची नजर त्या कागदावरून हलेना. तो पिवळा, तो लाल... असा लाल तिनं कुठं पाहिला होता? आणि एकदम आठवलं. चैत्रात पापड करताना पापडखाराच्या पाण्यात तिचं हळदीनं माखलेलं बोट पडलं होतं. पाणी लालभडक झालं, आणि शेजारची रुक्मिणीबाई ओरडली होती, "व माय, बोट कापायनं का?"

"मी देवीले नारळ लई येस," ती म्हणाली. "तवलोंग अर्ज फाडू नका, आप्पा." नारळ आणेपर्यंतची मुदत मागून ती निघाली.

घरी येऊन तिनं वाटीत पापडखार विरघळवला. काडी बुडवून जुन्या कागदाच्या कोपऱ्यावर एक रेघ ओढली, ती वाळू दिली. कागद कोराच दिसत होता. त्यावर हळदीचं पाणी टाकलं. रेघ लाल उठली.

छातीवरचा दगड उतरला आणि त्या जागी संताप आला.

मगन दारात उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "वहिनी, देवी कोपनी ते?"

"देवीनं काय करं रे? हाई त्या मानूसनं करं."

तिनं दुसऱ्या कागदावर काडीनं एक शब्द लिहिला आणि कागद पत्र्यावर उन्हात ठेवला. ऊन कलत चाललं होतं. कागद ओला तो ओलाच. कडुनिंबाकडून टाळांचा आवाज वाढू लागला. ती फुंकर घालत होती, पदरानं वारा घालत होती. शेवटी अक्षरांचा मागमूस उरला नाही तेव्हा नारळ घेऊन ती धावतच निघाली.

ती पोचली तेव्हा सरपंचांनी अर्ज दोन्ही हातांत धरला होता.

"थांबा, आप्पा! माले बी देवीले इचारनं शे."

महाराजांच्या कपाळावर आठी चढली. पण नारळ समोर, गाव समोर. नाही कसं म्हणणार? शांतीबाईनं आपला कागद देवीच्या मांडीवर ठेवला आणि कुणी काही बोलायच्या आत महाराजांचाच तांब्या उचलून पाणी शिंपडलं.

'बांधा'.

 मग गलका उठला. महाराजांनी डोळे मिचकावले आणि लगेच हात उंचावले. "प्रसन्न झाली! जगदंबा या माउलीच्या अंगी उतरली! धरा, पाय धरा!"

आणि लोकांनी खरंच धरले. रुक्मिणीबाईनं आपलं पिकलेलं डोकं तिच्या पायांवर ठेवलं. कुणी कुंकू आणलं. सरपंच वाकले.

मगन तिच्या कानाशी आला. "वहिनी, गप ऱ्हाय. काम व्हई गयं. आते आप्पा सही करतीन."

खरंच होतं ते. नुसतं गप्प राहिलं की चौथरा उभा राहणार होता. शांतीबाईनं खाली पाहिलं. पायांवर रुक्मिणीबाईचं कपाळ होतं, गरम आणि ओलं. उद्या हाच महाराज दुसरा कागद काढील. परवा तिसरा. आणि गाव दर वेळी असंच वाकेल, आता तर तिच्या नावानं.

तिनं पाय मागे घेतले.

"उठा, मावशी. मन्हा आंगमा काहीच नही. त्या कागदवर पापडखार शे. मीच लिखेल शे."

कुणाला कळेना. तिनं पदराची गाठ सोडली, घरून बांधून आणलेल्या पुडीतला खार देवीपुढच्या वाटीत पाण्यात घोळला. "मावशी, तुमनं बोट द्या." रुक्मिणीबाईचं बोट त्या पाण्यात बुडवून तिनं सोबत आणलेल्या कोऱ्या कागदावर टेकवलं, पदरानं वारा घालून कागद वाळवला.  वरून हळदीचं पाणी पडलं आणि म्हातारीच्या बोटाचा लाल ठसा उठला.

"माय व! हाई ते आपला पापडना लाल!" रुक्मिणीबाई किंचाळली.

मग शांतीबाईनं देवीपुढचं एक लिंबू कापून महाराजांच्या 'नको'वर पिळलं. लाल अक्षरं पिवळी होऊन कागदात जिरून गेली.

"ही विटंबना आहे!" महाराज उठले. "देवीचा कागद मंत्रानं शुद्ध केलेला असतो!"

"ते मंग बिगरमंतरना कागदवर लिखी दखाडा," ती म्हणाली. "कागद आमना, पानी आमनं. आते दखाडा."

महाराज बासनाकडे वळले. पण त्यांच्या आधी सरपंचांचा हात पोचला होता. त्यांनी वरचा कोरा कागद काढून पाणी टाकलं. 'हो'. लाल दोऱ्यानं बांधलेल्या गठ्ठ्यातला काढला. 'नको'. पुन्हा वरचा. 'हो'. सरपंचांनी कागद खाली ठेवले.

"मन्हा बैल हरपना तव्हय बी 'हो' उनं व्हतं," ते हळूच म्हणाले. बैल मिळेल का, असं त्यांनीही एकदा देवीला विचारलं होतं. "बैल मियी म्हनीसन आठ दिन घर बसनू. शोधा नही. बैल गया."

एका पोरानं काठी उगारली. शांतीबाई मध्ये उभी राहिली. "हात लावू नका. कोठडीमा टाकानं का सोडानं, ते पोलीस पाटील दखतीन."

सरपंचांनी तिथंच मांडीवर अर्ज ठेवून सही केली. दुसऱ्या दिवशी एकाच बैलगाडीतून अर्ज आणि महाराज शहाद्याला गेले. दोघंही दुपारच्या आत योग्य त्या कचेरीत पोचले.

मंजुरी यायला पावसाळा लागला, आणि तीही अर्धीच आली. उरलेलं गावानं अंगमेहनतीनं भागवलं. चौथऱ्यावर पहिलं नाटक झालं त्या दिवशी लोकांनी शांतीबाईला बोलायला वर चढवलं. भाषणाची सवय नव्हती. ती एवढंच म्हणाली:

"मी देवीले आज बी हात जोडस. पन देवीना नाव सांगीसन कोनी भेवाडाले लागना, ते भेवू नका. घर जा. सोता करी दखा. पापडखार समदासना घर व्हता, हयद बी व्हती. आपीन दोन महिना नुसतं पाय पडी ऱ्हायनूत. इचारं कोनीच नही. मीबी नही."

एवढं बोलून ती खाली उतरली, आणि मगननं पडदा वर ओढला.