बुडापेस्टहून आलेले चार पंजे

चौथा पंजा आला तेव्हा लालासाहेबांनी पाकीट टेबलावर आपटले आणि चष्मा काढून ठेवला. साताऱ्याच्या तांत्रिक विद्यालयात चोवीस वर्षे ड्रॉइंग शिकवताना त्यांनी पोरांकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती: आधी माप, मग काम, आणि ठरलेले माप बदलायचे नाही. निवृत्त होऊन मिरजेत स्थायिक झाल्यावर हंगेरी देशातल्या पाच गाण्याबजावण्याच्या पोरांनी हे तत्त्व सहा वर्षे पायदळी तुडवावे, हे आता त्यांच्या सहनशक्तीपलीकडे गेले होते.

"परत माणूस बदलला व्हय?" त्यांच्या पत्नी विजयमालाबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारले.

"बदलला."

"आमच्या वाईत वरातीच्या बँडातला क्लॅरिनेटवालासुद्धा इतक्यांदा पळत न्हाई. आन् तुमी बसा कागदं लावत."

लालासाहेबांनी फाईल काढली आणि नवे पत्र आवक क्रमांक टाकून आधीच्या पत्रांवर लावले.

प्रकरणाची सुरुवात १९७१ साली झाली होती. सांगलीजवळच्या एका कारखान्यात यंत्रे बसवायला हंगेरीहून एक इंजिनिअर आला होता आणि त्याचे नकाशे कामगारांना समजावून द्यायला लालासाहेबांना बोलावले होते. एका रविवारी त्यांनी त्याला आपला मित्र दस्तगीर सतारमेकर याच्या दुकानात नेले. इंजिनिअरचा पुतण्या गाबोर बुडापेस्टमध्ये एका बँडात गिटार वाजवी. तऱ्हेवाईक बँड होता. विजेवर चालणारी वाद्ये, आणि एकेक गाणे वीस-बावीस मिनिटांचे. त्या बँडाला सतार हवी होती.

दस्तगीरने काम घेतले, पण वडिलांपासून चालत आलेली अट घातली. वाजवणाऱ्याने डावा हात कागदावर ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवायची आणि तो कागद पाठवायचा. त्या पंजाप्रमाणे सतारीची दांडी किती रुंद, किती जाड हे ठरायचे. शिवाय या कामासाठी त्याने आढ्याला अकरा वर्षे टांगून वाळवलेला, भीमेकाठचा सर्वांत मोठा भोपळा बाजूला काढला. त्या भोपळ्यावर अनेक गवयांचा डोळा होता. "परदेशी माणसं आहेत, शब्दाला पक्की असतात," असे सांगून तो राखून ठेवायला लावला लालासाहेबांनीच.

पहिला पंजा गाबोरचा. बोटे लांबसडक. दस्तगीर दांडीला हात घालणार तोच पत्र आले, की बँड स्वीडनला कार्यक्रमाला गेला होता आणि गाबोर तिथेच राहिला. परत आलाच नाही. दुसरा पंजा लास्लोचा, आखूड आणि रुंद. त्याला सक्तीच्या सैन्यभरतीत नेले. त्यावर चिडताही येईना, कारण लालासाहेबांच्या मूळ गावी, कडेगावात, घरटी एक माणूस पलटणीत होता. त्याच वर्षी बँडाची पहिली रेकॉर्ड निघाली आणि पाचही जणांच्या सह्यांनिशी एक प्रत मिरजेला आली. दुकानात ती लावली, तर अख्ख्या बाजूवर एकच गाणे.

"नुसती आलापीच चाललीया की," दस्तगीर मान हलवत म्हणाला होता. "घाई न्हाई. जाणती मानसं हायत, मास्तर."

जाणती! तिसरा पंजा फेरेन्त्सचा आला तो उजव्या हाताचा, कारण गृहस्थ डावखुरा. दस्तगीरने महिनाभर बसून खुंट्या आणि तारा उलट्या बाजूने कशा घ्यायच्या याची आखणी केली. तेवढ्यात तिथल्या सरकारने बँडाला वर्षभर रेडिओवर बंदी घातली आणि फेरेन्त्स तळ्याकाठच्या एका हॉटेलात नाचाच्या वाद्यवृंदात नोकरीला लागला. पुढे बंदी उठली, दुसरी रेकॉर्ड निघाली, आणि आता १९७७ च्या दिवाळीत टिबोर नावाचा नवा गिटारवाला हात पसरून उभा होता.

एवढ्यावर प्रकरण विनोदी म्हणून सोडून देता आले असते. पण दस्तगीरचे डोळे चालले होते. मोतीबिंदू नव्हता. नसच वाळत चालली आहे, फार तर पुढच्या दिवाळीपर्यंत दिसेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तंबोरे त्याची मुले करीत. मोठी सतार मात्र घरात त्याच्याशिवाय कुणाला साधत नव्हती, आणि आयुष्यातली ही शेवटची सतार आपल्या हातून व्हावी एवढेच त्याचे मागणे उरले होते.

लालासाहेब पंजा घेऊन दुकानात गेले.

"हा घे. उद्यापासून सुरू कर."

दस्तगीरने कागद डोळ्यांपाशी नेला. "आन् ह्यो कशावरनं टिकंल? तिघं गेलं."

"मग मी चारही पंजांची सरासरी काढून देतो. मिलिमीटरपर्यंत."

"सरासरीच्या हाताचा एक मानूस दाखवा मला, मास्तर, मग काढा." दस्तगीर हसला, पण लगेच गंभीर झाला. "आवं, दांडी एकदा कोरली की रुंद हुत न्हाई. दुसरी कोरायला माझ्याकडं डोळं न्हाईत. एकच हुईल. ती चुकीच्या हातात नगं. त्यांच्याकडनं लिवून आना, की ह्यो गडी ऱ्हातूय म्हनून."

मागणी रास्त होती, आणि लालासाहेबांच्या स्वभावाला पटणारी तर फारच. त्यांनी त्याच दिवशी इंग्रजीत नमुना टंकित केला. 'आम्ही खाली सह्या करणार लिहून देतो की श्री. टिबोर हे किमान पाच वर्षे या बँडात राहतील.' खाली पाच रेघा. दोन प्रती, शिवाय कार्यालयीन प्रत वेगळी.

उत्तर जानेवारीत आले. सगळी पत्रे लिहिणारी, ऑर्गन वाजवणारी इल्दिको हिचेच होते.

'तुमचा कागद आम्ही सरावाच्या खोलीत टेबलावर ठेवला. तीन तास कुणी सही केली नाही. टिबोर ढोलवाल्याकडे पाहत होता, ढोलवाला माझ्याकडे. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. त्या संध्याकाळी बँड संपला. तुमच्यावर राग नाही. सतार मात्र करू नका.'

लालासाहेबांनी पत्र दोनदा वाचले. चार ओळींचा साधा नमुना! सरकारची बंदी सोसली, सैन्यभरती सोसली, पळालेला माणूस सोसला, आणि पाच रेघा दिसल्याबरोबर ही मंडळी मोडून पडली? संताप नेमका कुणावर करावा हे कळेना, तेव्हा त्यांनी तो छत्रीवर काढला. ती दोनदा आपटून ते दुकानाकडे निघाले.

दस्तगीर दारातल्या उजेडात बसला होता. भोपळा आढ्यावरून उतरवून मांडीवर घेतलेला.

"आली सही?" त्याने पावलांवरून ओळखून विचारले. "आता सकाळी नऊ ते बारा एवढंच नीट दिसतंय बगा. त्येवड्यात उरकाय पायजे."

खिशातले पत्र बाहेर काढायला गेलेला हात लालासाहेबांनी तसाच मागे घेतला.

"उद्या आणतो," ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी कार्यालयीन प्रत ड्रॉइंग बोर्डावर चिकटवली आणि रेकॉर्डच्या वेष्टणावरच्या सह्या समोर ठेवल्या. टिबोर तेव्हा बँडात नव्हता, म्हणून त्याची सही फाईलमधल्या, पंजासोबत आलेल्या पत्राखाली त्याने केलेल्या सहीवरून घेतली. आयुष्यात त्यांनी खोटे मोजमाप कधी लिहिले नव्हते, आणि खोटी सही करणे इतके सोपे असावे याचीच त्यांना चीड आली. चीड बोटांत उतरली आणि टिबोरच्या नावाची शेवटची रेघ कागदात रुतली.

"काय चाललंय?" विजयमालाबाईंनी विचारले.

"ड्रॉइंग."

दुसऱ्या दिवशी दस्तगीरने कागद डोळ्यांपाशी नेला, मग सह्यांवरून अंगठा फिरवला. शेवटच्या रेघेवर अंगठा थांबला.

"ही लय दाबून केलीया. ह्येची?"

"टिबोरची."

"मंग ऱ्हानार गडी."

त्याने चौथा पंजा दांडीच्या लाकडावर ठेवला, खडूने खूण केली आणि करवत उचलली. लाकडाचा पहिला भुसा खाली पडेपर्यंत लालासाहेब उभे राहिले.

रस्त्यावर आल्यावर त्यांनी हिशेब मांडला. दांडी, भोपळा, पडदे, तारा मिळून आठ महिने. आठ महिन्यांत एक असा सतारिया शोधायचा, की ज्याचा डावा हात बुडापेस्टच्या टिबोरच्या हाताशी जुळेल आणि जो कुठे निघून जाणार नाही. हे काम आपल्या गळ्यात कसे पडले, याचा विचार करायलाही आता वेळ नव्हता. त्यांनी डायरी उघडून चौथ्या पंजाची पाठ झालेली मापे उतरवली. तळव्याची रुंदी, मधले बोट, करंगळीचा ताण. मग खिशातली पोलादी पट्टी काढून ते गावातल्या संगीतवर्गाच्या दारात उभे राहिले.

शिकवणी सुटली होती. पहिली बाहेर आली ती अंजना नावाची, खांद्याला सतारीची खोळ लावलेली मुलगी.

"जरा डावा हात दाखव," लालासाहेब करड्या आवाजात म्हणाले.

मुलीने घाबरून हात पुढे केला. त्यांनी पट्टी लावली, डायरीत पाहिले आणि वैतागून मान हलवली.

"अर्धा इंच कमी. आत आणखी किती जण आहेत?"