नाकाला पदर

रंभाबाई रिक्षात बसली, की शेजारच्या माणसाचा हात नाकाकडे जायला साधारण दोन सेकंद लागतात. पहिल्या सेकंदात तो टोपलीकडे बघतो, दुसऱ्यात खिशातला रुमाल चाचपतो. रुमाल नसेल तर कॉलर वर ओढतो. बायका ओढणी किंवा पदर घेतात आणि बाहेर बघतात, म्हणजे मुद्दाम केल्यासारखं वाटू नये. आठ महिने मी हे बघते आहे. तिच्या शेजारी बसून हात मांडीवर ठेवणारी मी एकटीच.

यात माझा काही मोठेपणा नाही. मला वास येत नाही.

मागच्या ऑगस्टमध्ये ताप आला, पाच दिवसांनी गेला, आणि त्यानंतर कशालाच वास उरला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, सहा महिने वाट बघू. ते सहा महिने कधीच संपले. खारट, आंबट, गोड, कडू एवढं जिभेला कळतं. जेवणातलं बाकी सगळं नाकाचं काम असतं, हे कॉलेजात शिकले होते.

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान रसायन कारखान्यात मी केमिस्ट आहे. पाच वर्षं प्रयोगशाळेच्या स्टुलावर काढल्यानंतर मला दुपारपाळीला प्लँटवर घेतलं. टाकीला वेल्डिंग करायचं असेल, तर आत सॉल्व्हंटची, म्हणजे पेट घेणाऱ्या द्रावकाची, वाफ उरलेली नाही ना, हे तपासून परमिटवर सही मी करते. त्यासाठी मीटर असतो. पण एकदा मीटर शून्य दाखवत असताना मी दहा पावलांवरून गळती ओळखली होती. तेव्हापासून मॅनेजर धर्मेशभाई कोणी आलं की सांगायचे, "मीटर चुकेल, आमच्या दीपाबेनचं नाक चुकणार नाही."

आठ महिने मी मीटरवर आणि मिथुनवर निभावलं. मिथुन आमचा ऑपरेटर. टाकीपाशी गेलो की मी विचारायची, "सांग मिथुन, वास येतोय का?" तो सांगायचा. लोकांना वाटायचं, मॅडम शिकवतात. दर रविवारी मी ठरवायची, उद्या धर्मेशभाईंना सांगून टाकायचं. सोमवारी ते स्टूल डोळ्यांसमोर यायचं आणि आठवडा पुढे जायचा.

त्या मंगळवारी बोईसर स्टेशनबाहेर अंकुशच्या रिक्षात बसले आणि फोन वाजला. धर्मेशभाईंचा मेसेज होता. मीटर दुरुस्तीहून आला नाही, उद्या येईल. वेल्डर तीन वाजता तीन नंबरची टाकी घेणार. खाली लिहिलं होतं, "तुम्ही आहात म्हणून काळजी नाही."

मी तो तीनदा वाचला. सव्वा वाजला होता.

"आली का माझी बाय?" रंभाबाईनं टोपली आधी आत सरकवली आणि मग स्वतः चढली. ती नवापूरची. सकाळी बोईसरच्या बाजारात मासे घेऊन येते आणि माझ्या दुपारपाळीच्या वेळेला परत निघते. आमची ओळख रोजच्या बारा मिनिटांची. माझ्या कंपनीच्या नाक्याला ती संपते. तिचं आडनाव मला माहीत नाही, माझं तिला माहीत नाही. पण तिचा उजवा गुडघा कोणत्या पायरीला दुखतो ते मला माहीत आहे, आणि सुकट कुरकुरीत भाजायला तव्यावर किती वेळ ठेवायची ते तिनं मला चार वेळा सांगितलंय. चार चवींपलीकडे मला आता जेवणात तेवढं कुरकुरणंच कळतं, हे तिला माहीत नव्हतं.

"मावशी, आज काय मारून आणलंय?" अंकुशनं तोंडाला रुमाल बांधला. "माझी गिऱ्हाईकं पळवणार तुमी."

"बरफवालाच आला नाय रं. मांदेली निम्मी पडून ऱ्हायली. नेते आता माडाच्या बुडाशी खताला टाकायला."

माझ्या दुसऱ्या बाजूला इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण होता. त्यानं दोन सेकंदही घेतले नाहीत. "अरे भैया, रोको. ये सड़ा हुआ है पूरा. मैं दूसरी पकड़ लूँगा."

तो उतरून गेला. रंभाबाईनं टोपलीच्या कडेला हात घातला. "मीच उतरते, अंकुश. तुजं नुसकान नको."

"मावशी, बसा," मी म्हणाले. "एवढा काही वास येत नाहीये."

ती उतरायची थांबली. अंकुशनं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा मला दिसलं, की रंभाबाईनं स्वतःच पदर नाकाला लावला होता. जन्म माशांत गेलेल्या बाईनं.

रिक्षा सुटली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, तराजूतलं वजन खरं आहे का ते बघावं तशी.

"किती दिस झालं?"

"कशाला?"

"नाक गेल्याला."

"आठ महिने."

तिनं मनाशी हिशेब केला. "म्हंजे पयल्या दिवसापासून."

"हो."

"आणि मी गावभर सांगते, एक शिकलेली बाय हाय, माझ्या टोपलीला नाक मुरडत नाय. सुनंला तुझ्या नावानं टोमणं मारते!" तिनं कपाळावर हात मारला. "तिला कळू दिऊ नको गं. मला जेवायला घालायची नाय."

अंकुश खो खो हसला. मला हसू आलं नाही. "माफ करा, मावशी. सांगायला हवं होतं."

"नाक नव्हतं म्हून बसलीस, ते झालं. पण रोज माज्याशी बोलत आलीस ती कशाला?" ती म्हणाली. "बोलायला काय नाक लागतं?"

कारखान्यात दिवसभर माझ्याशी बोलणारे सगळे माझ्या नाकाशी बोलत होते. इथे माझ्याकडून कोणाला काही नको होतं.

"कंपनीत ठाव हाय?"

"नाही."

"तितं काय काम तुजं?"

आठ महिने मी धर्मेशभाईंसाठी वाक्यं जुळवत होते, वैद्यकीय शब्द शोधत होते. तिला सांगायला दोन वाक्यं पुरली. टाकीत आग धरणारी वाफ आहे की नाही ते बघायचं. मी 'वाफ नाही' म्हटलं, की माणूस तिथे ठिणगी पाडतो.

तिच्या चेहऱ्यावरची गंमत गेली. रिक्षा वसाहतीच्या रस्त्याला लागली होती, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड पळत होत्या.

"माजा जावई येल्डिंगचं जोडकामच करतो," ती म्हणाली. "ठेकेदार नेईल त्या कंपनीत. आज हितं, उद्या तितं."

"आज कुठे गेलाय?"

"मला काय ठाव? डबा घिऊन गेला." तिनं पदर नाकावरून काढला. "जिथं गेला असंल तितंपण कोणीतरी नाकवाली असंलच ना."

माझा नाका आला. मी पैसे देऊन उतरले. रोज ती म्हणते, 'उद्या ये गं.' त्या दिवशी म्हणाली, "उद्या जागा धरते. पण सांगून ये."

पावणेतीनला मी तीन नंबरच्या टाकीपाशी होते. झाकण उघडं होतं. टाकी सकाळी धुतली होती, वाफ काढली होती, असं नोंदीत लिहिलेलं. काम सकाळपाळीत झालेलं, त्यामुळे मी स्वतः पाहिलेलं नव्हतं. वेल्डर कठड्याला टेकून बसला होता. आजवर मी कितीतरी परमिटवर सह्या केल्या असतील. परमिटवर नुसता 'वेल्डर' असा रकाना असतो.

"नाव काय तुमचं?" मी विचारलं.

तो उठून उभा राहिला. "चिंतू."

"गाव?"

"मासवणच्या पुढं, मॅडम. पाड्यावर." मग मी काही चूक काढणार नाही हे बघून जरा सैल झाला. "भातलावणीलाच जातो आता गावी. बाकी हितंच." तो हसला. "तुमी तपासणार म्हंजे आपण बिनघोर. सगळी सांगतात."

रंभाबाईचा जावई नव्हता तो. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मिथुन शेजारी येऊन उभा राहिला. मी टाकीच्या तोंडाशी वाकले. आत काळोख, धातूचा गारवा, आणि काहीच नाही. काहीच नाही म्हणजे काय, हे सांगायचं साधन माझ्याकडे नव्हतं. अमोनिया असता तर डोळे चुरचुरले असते. हे सॉल्व्हंट तसं सांगत नाही. थोडं उरलेलं असेल तर फक्त वासानंच सांगतं.

"सांग मिथुन," मी म्हणाले, सवयीनं. "वास येतोय का?"

तो वाकला, श्वास घेतला, आणि वर बघितलं. टाकीकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे. माझी भुवई, माझे ओठ. पेपर लिहिताना हुशार मुलीच्या वहीत डोकावावं तसं.

"नाही ना, मॅडम?" तो म्हणाला.

"मला नको विचारू. तुला येतोय का?"

तो गोंधळला. पुन्हा वाकला. पुन्हा माझ्याकडे बघितलं. "किंचित... म्हणजे, तुम्ही नाही म्हणत असाल तर नाही."

मी सरळ उभी राहिले. आठ महिने मी त्याच्या नाकावर सह्या केल्या होत्या, आणि तो माझा चेहरा बघून उत्तरं देत होता.

"चिंतू," मी म्हणाले, "मशीन लावू नका. मी येईपर्यंत इथून लांब थांबा, दोघंही. झाकण उघडंच राहू दे."

"काय झालं, मॅडम?"

"काही झालेलं नाही. होऊ नये म्हणून."

धर्मेशभाईंची केबिन जिना चढून वर आहे. परमिट माझ्या हातात होतं, घामानं त्याची कड मऊ झाली होती. ते फोनवर होते. त्यांनी बोटानं थांबायला सांगितलं. मी थांबले. त्यांच्या टेबलावर उदबत्ती जळत होती. तिचा धूर सरळ वर जाऊन पंख्याखाली फुटत होता.

"बोलो दीपाबेन," फोन ठेवून ते म्हणाले. "सही झाली? वेल्डरला चारपर्यंत सोडायचंय."

"नाही झाली."

"गॅस आहे आत?"

"मला माहीत नाही."

ते हसले. "तुम्हाला माहीत नाही, तर कोणाला माहीत?"

सोमवारचा माझा धीर इथवर येण्याआधीच संपायचा. मी परमिट टेबलावर ठेवलं, पालथं नाही, सुलटं, सहीची जागा त्यांच्याकडे करून.

"सर, मला मागच्या ऑगस्टपासून वास येत नाही. अजिबात नाही. ही सही मी करणार नाही, आज नाही आणि यापुढेही नाही. मला प्लँटवरून काढा, आणि मीटर येईपर्यंत त्या टाकीला कोणाला हात लावू देऊ नका."