थर्माकोलचं काळवीट

पहिल्याच बाणात मी काळवीट पाडलं. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा.

खऱ्या शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण जनावराला न कळता जवळ जाता येतं का, हे मला बघायचं होतं. म्हणून गणपतीच्या आराशीतलं थर्माकोलचं काळवीट कोथरूडच्या टेकडीवर उभं केलं आणि धनुष्य घेऊन गवतातून रांगत निघालो. वारा कुठला ते बघायला टाल्कम पावडरही उडवली.

वीस पावलं उरली, तेवढ्यात फिरायला आलेल्या दीनानाथकाकांनी काळविटाच्या शिंगांवर स्वेटर अडकवला आणि ते माझ्यामागे येऊन वाकले.

"त्याला कळलंय का हो आपण आलोय ते?"

"अजून नाही."

"मग सोडा की!"

बाण सुटला. स्वेटरमधून आरपार गेला आणि काळवीट आडवं झालं.

"आमच्या हिने, सुशीलाने विणलेला होता," काका हळूच म्हणाले. "घरी काय सांगू?"

"शिकारीत गेला म्हणा."

"आमच्याकडे तोंडी चालत नाही. लेखी लागतं."

म्हणून हा अर्ज. माननीय वनाधिकारी, सदर स्वेटर शिकारीत मृत झाल्याचा दाखला सही-शिक्क्यानिशी आज संध्याकाळपूर्वी मिळावा, ही नम्र विनंती.