बॉनेटवर दोन थापा

आमच्या घरात जेवढे दिवे नाहीत तेवढे माझ्या नवऱ्याने एका जुनाट पिकअपला लावले. टपावर लांबलचक पट्टी, बंपरवर दोन गोल, आरशांखाली दोन, मागे दोन, आणि एवढ्याने भागेना म्हणून दारांच्या खालीसुद्धा. सगळे एकदम लावले की शेडच्या कोपऱ्यातली कोळिष्टकं लाजायची. "वहिनी, दादा गाडी बनवतोय की स्टेडियम?" माझा धाकटा दीर हसायचा. मीही हसायचे. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

नवरा सर्वेक्षण खात्यात ड्रायव्हर होता. डोंगरात रस्ते आखणारी माणसं आणि त्यांची यंत्रं ही पिकअप वाहायची. खात्याने तिला मोडीत काढलं तेव्हा ह्याने घेतली. आमचं लग्न नुकतंच झालेलं. लोक भांडीकुंडी घेतात, आम्ही हे धूड घेतलं.

तिची एक खोड होती. चारही चाकांना जोर द्यायचा तर आतला लीव्हर ओढून पुरत नाही. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध वाटीएवढी एक चकती असते, तिला हब म्हणतात. ती हाताने फिरवायची, तेव्हा कुठे पुढची चाकं इंजिनाशी जोडली जातात. म्हणजे कुणीतरी खाली उतरायलाच हवं. पहिल्याच प्रवासात नदीच्या कोरड्या पात्रात चाकं जागच्या जागी रेती उडवायला लागली, तेव्हा नवरा म्हणाला, "उतरतेस का जरा?"

"मी जड झाले का तुम्हाला? आत्ताच?"

"अगं, हब फिरव. तुझ्या वजनाचं कोण बोलतंय?"

त्याने खिडकीतून डोकं काढून शिकवलं. मी आधी डावा फिरवला, पुढून वळसा घालून उजवा फिरवला आणि बॉनेटवर दोन थापा मारल्या. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं. तेव्हापासून तो चालवायचा, मी उतरायचे. काचेआड बसलेल्याला नुसतं दिसतं. उतरलेल्याला रेतीचा चटका बसतो, तापलेल्या इंजिनाचा वास येतो, वारा तोंडावर येतो आणि आपण नेमके कुठे येऊन पडलोय ते पायांना कळतं. ते काम माझं होतं. फार आवडीचं होतं.

त्याच प्रवासात एका खिंडीच्या माथ्यावरून आम्ही ते मैदान पाहिलं. कधीकाळी एक खारं तळं आटलं आणि मागे सगळं मीठ ठेवून गेलं. नुसतं पांढरं. झाड नाही, दगड नाही, खांब नाही, कुंपण नाही. आम्ही उतार धरला आणि गाडीखालून काडकन आवाज आला. पुढच्या शाफ्टचा जोड तुटला होता. उरलेल्या दोन चाकांवर खाली उतरता आलं असतं, परत चढता आलं नसतं.

"पुढच्या वर्षी येऊ," नवरा म्हणाला.

पुढच्या वर्षी मुलगी आली. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मग मी सीट कव्हर आणि ताडपत्र्या शिवायचं दुकान काढलं. पिकअप शेडमध्ये माझ्याच हातच्या ताडपत्रीखाली गेली. तिला कधी पाण्याचा थेंब लागला नाही, पण पडून राहिलेल्या गाडीला गंजायला पाणी लागतं असं थोडंच आहे? माणसाचंही तेच.

मुलगी नोकरीसाठी दूर गेली, नवरा निवृत्त झाला, आणि एके सकाळी त्याने ताडपत्री ओढून काढली. मी दारात उभी होते. मला एकदम त्या रेतीचा वास आला.

पहिलं वर्ष सुखाचं होतं. त्याने इंजिन उतरवलं, चासीचा सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडला, स्प्रिंगचे दबलेले पाटे बदलले, ब्रेक नवे घातले, दुसरी बॅटरी बसवली, मागे पाण्याची टाकी केली. मी जाड कॅनव्हासचं छत शिवलं, गुंडाळून वर बांधता येईल असं, बाजूंना जाळीच्या खिडक्या. गादी शिवली. कप्पे शिवले. चमचे कुठे, टॉर्च कुठे, सगळं ठरलं. दुपारी मशीन थांबवून मी गाडीत माझ्या सीटवर जाऊन बसायचे. काचेपुढे शेडची भिंत आणि भिंतीवर टांगलेले पाने. त्या पान्यांकडे बघत मी रोज ती खिंड चढायचे.

"कधी निघायचं?"

"हे एवढं झालं की."

हे एवढं झालं की पुढचं तेवढं निघायचं. आधी आरसे मोठे केले, मग अजून मोठे. मग दिवे. एक दिवा झाला की दुसरा. दिराने स्वतःसाठी नवी कोरी चकचकीत चारचाकी घेतली, तिच्या नाकावर पाण्यातून जायचं नळकांडं, आणि ती गाडी कधी डबक्यातूनसुद्धा गेली नाही. असल्या लोकांना फिरायचं नसतं, फिरणारे दिसायचं असतं. पण माझा नवरा त्यांतला नव्हता. त्याला जायचं होतं हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून तर मी वेडी व्हायची बाकी होते. माझे गुडघे काही माझ्यासाठी थांबणार नव्हते. ते मैदान मला मरायच्या आधी पायाखाली हवं होतं, फोटोत नको होतं.

एक दिवस त्याने हौसेने हात धरून मला पुढच्या चाकाशी नेलं. "बघ. नवे हब. आपोआप लागतात. आतून लीव्हर ओढला की झालं. आता तुला उतरायला नको."

मी बघतच राहिले. "कुणी सांगितलं तुम्हाला, मला उतरायचा त्रास होतो म्हणून?"

"अगं, वय झालं आपलं."

"तुमचं झालं असेल. मी मग काय करू? आत बसून गोळ्या चघळू?"

"बाई, तुझ्या सोयीसाठी केलं गं."

"माझं काम काढून घेतलंत आणि वर सोय म्हणताय?"

तो पाना पुसत राहिला. माझ्याकडे न बघता. हल्ली तो बोलताना माझ्याकडे बघतच नसे, मला वाटायचं, लाजतोय.

दुसऱ्या संध्याकाळी, निदान चाचणी तरी घेऊ म्हणून मी त्याला ओढून गावाबाहेर नेलं. एक बंद पडलेली वीटभट्टी होती, आजूबाजूला मोकळं खडबडीत रान. ऊन उतरलं होतं. त्याने सगळे दिवे लावले. डाव्या हाताला फुटक्या विटांचा ढीग होता, आंधळ्यालाही दिसेल एवढा. गाडी सरळ त्या ढिगाला घासत गेली. आरसा मुडपला, पत्र्यावर लांब ओरखडा उठला.

"दिव्याचा कोन चुकलाय," तो म्हणाला.

मी उतरले, गाडीला वळसा घालून त्याच्या दाराशी गेले. काच खाली होती. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. तो समोर बघत होता.

"कुठे गेलीस?" त्याने विचारलं.

मी हात वर केला, हलवला. त्याला कळलं नाही. मग त्याने मान वळवली, मी दिसले, आणि माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं की मला कळलंय.

"किती दिसतं?" मी विचारलं.

"समोरचं चांगलं दिसतं."

"आणि बाजूचं?"

"पाइपातून बघितल्यासारखं आहे. अंधारलं की पाइप अजून बारीक होतो." तो स्टिअरिंगवर अंगठा घासत होता. "गेलेलं परत येत नाही म्हणाले डॉक्टर. उरलेलं टिकवायला थेंब दिलेत. टिकेलच असं नाही."

"कधीपासून?"

"आरसे मोठे केले तेव्हापासून."

म्हणजे मी शेडमध्ये बसून खिंड चढत होते तेव्हा हा माणूस एकेक दिवा लावून अंधार ढकलत होता. गाडी पूर्ण झाली असती तर बाहेर काढावी लागली असती, बाहेर काढली असती तर बोलावं लागलं असतं. म्हणून हे एवढं, ते तेवढं.

"डॉक्टरकडे कुणाबरोबर गेलात?"

"धाकट्याबरोबर."

मी एरवी नवऱ्याला अहो-जाहो करते. त्या संध्याकाळी केलं नाही. "तुझ्या भावाला माहीत, आणि मी कोण? शेजारीण? इतकी वर्षं कोण उतरत होतं तुझ्या गाडीतून? तुझा भाऊ?"

"तू म्हणाली असतीस, राहू दे, नको जायला."

"मी? मी म्हणाले असते?"

तो बारीक आवाजात म्हणाला, "मीच म्हणालो असतो. तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं, एवढंच. विकून टाकू गाडी."

गाडी मी घरी आणली. मी कव्हरं पोचवायला टेंपो चालवते, पण ह्या धुडाला त्याने मला कधी हात लावू दिला नव्हता. क्लच ट्रकसारखा जड. बंद पडत, गचके खात आम्ही आलो. दीर दारातच भेटला.

"काय झालं वहिनी? दादा ठीक आहे ना?"

"भाऊजी, तुम्हाला माहीत होतं. आणि तरी स्टेडियम म्हणून हसत होतात?"

त्याचं तोंड उतरलं. "दादाने शपथ घातली होती. आणि मला दुसरं काय बोलावं तेच सुचायचं नाही हो."

शिव्या तोंडात आल्या होत्या, त्या गिळल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला तेही आवडलं नाही. ह्या घरात सगळ्यांनी एकमेकांना सांभाळत गाडी शेडमध्ये कुजवली होती.

सकाळी मी नवऱ्यापुढे जॅक आपटला. "जुने हब कुठे आहेत?"

होते. ग्रीस लावून, माझ्याच कॅनव्हासच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेले. टाकले नव्हते त्याने.

"बसवा परत."

"कशाला? गाडी चालवणार कोण?"

"मी. तुम्ही उतरणार."

तो हसला, पण हसू अर्ध्यात राहिलं. मग खाली बसला. मी बाजूला स्टूल घेऊन बघत होते. तो चाकाकडे बघतच नव्हता. तोंड दाराकडे, आणि बोटं आत गेलेली. बोटांनी खाच शोधली, कडी बसवली, बोल्ट धरला, आटा पकडेपर्यंत उलटा फिरवला, मग सुलटा. आयुष्यभर तो असाच काम करत आला होता, म्हणून तर डोळ्यांचं कुणाला कळलं नाही.

"ह्या कामाला डोळे लागतात का?" मी विचारलं.

"नाही."

"मग रडताय कशाला?"

"ग्रीस गेलं डोळ्यात."

"दोन्ही डोळ्यांत?"

मग त्याने मला शिकवलं. असला मास्तर शत्रूलाही मिळू नये. "क्लचवर पाय ठेवून झोपू नकोस! अगं, गिअर आहे तो, लोणी काढतेस का?" मी गाडी थांबवायचे, किल्ली त्याच्या हातात द्यायचे, तो गप्प व्हायचा, पुन्हा निघायचो. वीटभट्टीचं रान मी इतक्यांदा तुडवलं की तिथली कुत्री आम्हाला ओळखायला लागली. मुलगी फोनवर ओरडली, तुम्हा दोघांना वेड लागलंय. मी म्हटलं, लागलंय, तू थेंबांच्या बाटल्या पाठव.

आणि आम्ही निघालो.

नदीचं पात्र तेच होतं. रेतीने चाकं धरली, मी गाडी थांबवली. "उतरता का जरा?"

तो उतरला. दाराची कड, मडगार्ड, चाक, असा हात सरकवत गेला. वाकला. हब फिरल्याचा खट् आवाज मला आत ऐकू आला. मग बंपरला हात लावत तो पुढून दुसऱ्या बाजूला निघाला, एका ठिकाणी पाय मुरगळला, सावरला. मी दाराची मूठ धरून बसले होते आणि उतरत नव्हते. आत बसून वाट बघणं एवढं जड असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. दुसरा खट्. बॉनेटवर दोन थापा. त्याच्या तोंडावर वारा होता.

खिंडीच्या माथ्यावर थांबलो. खाली मैदान होतं, अगदी तसंच.

"सांग ना," तो म्हणाला.

"नाही सांगणार. मान फिरवा."

त्याने सुरुवात डावीकडून केली. हळूहळू मान उजवीकडे नेत राहिला, जणू पाइपातून एकेक घास घेत होता. शेवटाला पोचला आणि पुन्हा डावीकडे आला.

"संपत नाही गं," तो म्हणाला.

ह्या वेळी खालून काही तुटलं नाही. पहिल्या गिअरमध्ये, दात आवळून, मी गाडी उतरवली. चाकं मिठावर आली आणि आवाजच बदलला, कडक भाकरी मोडल्यासारखा. बऱ्याच आत गेल्यावर मी इंजिन चालू ठेवून उतरले. सपाटीवर चारही चाकांचा जोर नको होता, म्हणून हब मीच मोकळे केले. पायाखाली मीठ करकरलं. मग त्याच्या बाजूचं दार उघडलं.

"चला. तिकडे सरका."

"काय?"

"बसा स्टिअरिंगवर. बाजूला काही नाही. आपटायचं म्हटलं तरी काही सापडायचं नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, नीट मान वळवून. "तू नाही बसत?"

"मी उतरणारी आहे."

तो सरकला. हातांनी स्टिअरिंग चाचपलं. मी पुढे गेले, बॉनेटवर दोन थापा मारल्या आणि बाजूला झाले. गाडी आधी बिचकत निघाली, मग दुसरा गिअर पडला, मग तिसरा, एकही गचका न देता. सरळ गेली. पांढऱ्यावर आधी गाडी, मग डबा, मग ठिपका. आवाज गेला. धूळसुद्धा उडत नव्हती. मी तिथे उभी, आणि किती दूर गेला ते मोजायला माझ्याकडे काहीच नव्हतं. ऊन मिठावरून उलटं तोंडावर येत होतं, डोळ्यांत पाणी जमलं, ठिपका त्यात विरघळला. मी ओरडले. "अहो!" मग, "ए, मागे फिर!" कुणाला ऐकू जाणार?

तेवढ्यात तिकडे, फार लांब, लखकन काहीतरी पेटलं. भर दुपारी त्याने गाडीचे सगळे दिवे लावले होते. मोठा वळसा घेत ते हळूहळू माझ्याकडे वळत होते.