त्या दोन थापा

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर. नैरोबीच्या एका मटाटूत, म्हणजे चौदा सिटांच्या वडापात, पुढच्या सीटखाली स्क्रूने आवळलेला. माझी कहाणी सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो.

मला जोडलं गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या नेकेसाबाईंनी. बॅटरीपासून जाड तांबडी वायर आणली, तिच्यात फ्यूज घातला, काळी वायर रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट बसवली. चार स्पीकर छताला, सबवूफरचा खोका मागच्या सीटखाली. मग माझं गेनचं, म्हणजे आवाजाचा जोर ठरवणारं, बारकं बटण निम्म्यावर आणून त्यांनी ड्रायव्हर गाथोगोला बजावलं, की याच्यापुढे नेलंस तर आवाज नुसता फाटेल.

गाथोगोने आठ दिवस ऐकलं. पण शेजारच्या मटाटूचा दणका मोठा, म्हणून कॉलेजची पोरंपोरी तिकडे पळायला लागली. याने बटण शेवटपर्यंत पिळलं. गर्दी आमच्याकडे वळली, पत्रा थरथरू लागला, आणि मी असा काही फुगलो, की विचारू नका! मला वाटलं, गाडी माझ्यावरच चालते.

खरं तर ती चालायची मुसियिमीच्या हातावर. हा आमचा चाळिशीतला कंडक्टर. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. गाथोगो मागे वळून बघायचाच नाही, थापेवर गाडी हाकायचा.

एका सकाळी बाजारापाशी न्याकिओआजी उतरत होती. एक पाय जमिनीवर, एक पायरीवर. मुसियिमी खाली उभा राहून तिला धरत होता. तेवढ्यात गाण्यात दोन ठोके आले आणि पत्रा दोनदा दणाणला. गाथोगोने गाडी सोडली. आजी आपटली, गुडघा फुटला. मुसियिमीने ओढून घेतलं म्हणून चाकाखाली गेली नाही.

त्या दोन थापा माझ्या होत्या.

मुसियिमी शपथेवर सांगत होता, की त्याने थाप मारलीच नाही. ऐकतो कोण! चोर सोडून संन्याशाला सुळी. गाथोगोने त्याला तिथेच कामावरून काढलं, आणि आजीला पाडणारा म्हणून स्टँडवर दुसऱ्या कुणी त्याला दारात उभं केलं नाही.

दोन महिन्यांनी आजी काठी टेकत मुसियिमीचे आभार मानायला आली. झालेलं कळलं तशी गाथोगोच्या खिडकीशी गेली.

"माझे दोन्ही हात त्याच्या हातात होते, बाळा. थाप मारायला तिसरा हात त्याने कुठून आणला?"

त्या थापा कुणाच्या होत्या, ते गाथोगोला आता उमगलं. त्याने बटण मागे फिरवलं, मुसियिमीच्या खोलीवर माणूस धाडला. खोलीत दुसरंच कुटुंब राहत होतं. तो कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, आवाज जरूर चढवा, पण शेजारच्याचं म्हणणं ऐकू येईल एवढी जागा ठेवा. मला बोलता येत नाही, ही सबब मी पुष्कळ दिवस धरून बसलो. पण लाज जात नाही. सगळा स्टँड त्या भल्या माणसाला शिव्या घालत होता, तेव्हाही मी वाजतच होतो.